मॉरीन उठेना!

"आमचं नाव ऐकलं की केळी थरथरतात," असं मर्व्ह टकवेल स्वतःबद्दल सांगत असे, आणि सांगताना त्याच्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नसे. राज्याच्या हद्दीवर फळमाशीची तपासणी चौकी होती. बाहेरच्या फळांतून माशी आत येऊ नये म्हणून तिथं येणारी-जाणारी गाडी अडवत, आणि मर्व्हनं उभी हयात लोकांना डिक्क्या उघडायला लावण्यात घालवली होती. एका नवरीच्या पुष्पगुच्छातून त्यानं लिंबू काढलं होतं, एका पाद्रीबुवांच्या टोपीखालून दोन आलुबुखार. "माणसाच्या डोळ्यांत बघून त्याच्या डिक्कीतलं डाळिंब ओळखणारे या गोलार्धात आम्ही एकटेच," तो म्हणायचा. तो स्वतःला गुप्तहेरच समजे, आणि तसं बोलताना स्वतःला 'आम्ही' म्हणत असे. बिअरचा ग्लास रिकामा झाला की पुन्हा 'मी'वर येई.

निवृत्तीनंतर मात्र त्याचे हाल झाले. टकवेल या आडनावाला जागून डोक्यावर एकही केस उरला नव्हता आणि गुरंबासारख्या गावात हाती यायलाही केस नव्हती. गेल्या वर्षी कुणाची तरी कचऱ्याची बादली हरवली तेव्हा त्यानं आठवडाभर तपास केला. बादली वाऱ्यानं उडून शेजारच्या अंगणात गेली होती, पण मर्व्हच्या मते वारा हा नुसतं प्यादं होता.

त्यामुळे शनिवारी सकाळी नरेल पॉबजॉयनं गावच्या रेडिओचं दार उघडलं आणि मर्व्ह हातात पांढरे हातमोजे, विजेरी आणि फळं कापायची सुरी घेऊन पायरीवर उभा दिसला, तेव्हा तिला नवल वाटलं नाही. डोकं मात्र दुखायला लागलं.

"मॉरीन उठत नाही म्हणे," तो म्हणाला. "आम्ही आलोय. तू आमची मदतनीस."

"मला कुणी विचारलं?"

"मदतनिसाला विचारत नसतात, नरेल. सांगतात."

मॉरीन हा कॉम्प्युटर होता. गावच्या जुन्या सभागृहाच्या मागच्या खोलीत, चहा द्यायच्या खिडकीशेजारी, रेडिओ होता आणि त्या रेडिओचं सगळं चंबूगबाळं एकटी मॉरीन सांभाळायची: गाणी, हवामान, मेंढ्यांचे भाव, फुटबॉलचे निकाल. नरेलच्या नवऱ्यानं, कीथनं, ती सुटे भाग जमवून उभी केली, तिच्यावर लिनक्स ही पेंग्विनच्या खुणेची प्रणाली चढवली, पोटावर त्या पेंग्विनचं चित्र चिकटवलं आणि आपल्या मावशीचं नाव तिला दिलं. मावशी कधी आजारी पडली नव्हती. कॉम्प्युटरही पडला नाही. कीथ आजारी पडला आणि दोन हिवाळ्यांपूर्वी गेला, तरी मॉरीन चालतच राहिली.

रोज पहाटे कार्यक्रम सुरू करताना ती कीथचाच आवाज लावायची. "सुप्रभात, गुरंबा. केटल लावा, मी आलोच." तो आवाज काढून टाकावा असं रेडिओच्या समितीत कुणी सुचवलं नाही, आणि नरेलनं आपण होऊन तो विषय काढला नाही. ती त्या वेळी आपल्या स्वयंपाकघरात उभी असे, केटल खरोखरच लावलेली असे, आणि ती रेडिओकडे न बघता म्हणे, "लावली रे. ये." हे गावात कुणाला माहीत नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी वादळ झालं, दिवे गेले. शुक्रवारी पहाटे दिवे होते, पण रेडिओवर नुसती खरखर. नरेल केटल हातात धरून त्या खरखरीसमोर उभी राहिली आणि मग केटल न लावताच खाली ठेवून दिली. तेव्हापासून तिच्या पोटात चहा गेला नव्हता. कीथनं तो आवाज कुठं साठवलाय, कुठल्या नावानं, तिला काही ठाऊक नव्हतं. त्याची दुसरी प्रत नव्हती. मॉरीन गेली तर कीथ दुसऱ्यांदा जाणार होता, आणि या वेळी त्याला कुणी फुलं आणणार नव्हतं.

त्यातच समितीचा अध्यक्ष वॉर्विक स्पेडिंग फोनवर म्हणाला होता, "हे बघ नरेल, मलाही वाईट वाटतंय. पण लोक मला फोन करून पाऊस विचारतायत. मला काय ठाऊक पाऊस? शनिवारी बारापर्यंत चालली तर ठीक, नाहीतर शहरातला रेडिओ इथं ऐकवणारं खोकं बसवून टाकतो. मॉरीन जाईल भंगारात."

"लक्षणं सांग," मर्व्ह हातमोजे चढवत म्हणाला.

"वीज जाऊन आली, तेव्हापासून बूट होत नाही."

मर्व्हचे डोळे चमकले. "बूट," तो पुटपुटला, आणि दाणकन गुडघ्यांवर बसून विजेरीनं जमीन न्याहाळायला लागला. "म्हणजे तुलाही दिसलाय तर!"

"काय दिसलंय?"

"बूट! हा बघ चिखलाचा ठसा. दारातून आत आलाय, खोलीभर फिरलाय, त्या चहाच्या खिडकीपर्यंत गेलाय आणि परत बाहेर. दहा नंबर. डाव्या टाचेची झीज बाहेरच्या अंगाला." तो मागे रेलला. "गुन्हेगार पुरुष आहे. उंच. चालण्यात अधिकार. बुटांच्या बाबतीत चोखंदळ, म्हणजे घरंदाज. बायकांवर सहज छाप पडत असणार."

"तुझा पण दहाच नंबर ना?"

"म्हणून तर त्याची अभिरुची आम्हाला कळते."

नरेलनं डोळे मिटून घेतले. बूट होणं म्हणजे कॉम्प्युटर जागा होणं, हे तिनं त्याला समजावून सांगितलं. त्यानं ते ऐकून घेतलं आणि फळमाशीच्या खात्यात अशी दिशाभूल करणारे फार भेटले, असं म्हणाला.

खरं तर तिनं जमेल ते सगळं केलं होतं. भाच्याला फोन लावून झाला. भाचा म्हणाला, बेकायदेशीरपणे वीज गेली की डिस्क बिघडते, किंवा अर्धवट अपडेट नडतो, किंवा डिस्क काठोकाठ भरलेली असते, किंवा आतला घड्याळाचा सेल संपतो, किंवा मेमरीची पट्टी ढिली होते. वीज कायदेशीरपणे कशी जाते, हे विचारायचं तिनं टाळलं. तिनं सेल बदलला, पट्टी काढून पुसून पुन्हा बसवली, जिथं जिथं वायर होती तिथं तिथं दाबून बघितली. फरक शून्य.

"चालू कर," मर्व्ह म्हणाला. "गुन्हा आमच्या डोळ्यांदेखत घडू दे."

तिनं बटण दाबलं. पंखा गुरगुरला, काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी सरसर धावल्या आणि शेवटची एक ओळ तिथंच अडून बसली. तिच्याशेजारी सेकंद मोजले जात होते. सेकंद संपले, आणि मॉरीननं जाहीर केलं की आता आणीबाणी आहे, दुरुस्तीसाठी रूटचा, म्हणजे मुख्य चालकाचा, परवलीचा शब्द द्या.

"आणीबाणी!" मर्व्हला गहिवरून आलं. "आणि रूट म्हणजे मूळ. कंदमुळं! नरेल, हद्दीवर मुळंसुद्धा आमच्याच अखत्यारीत होती. आलं, रताळी, गाजर. घाल ना, 'गाजर' घाल."

"मर्व्ह, कीथनं गाजर कशाला घातलं असेल?"

"घालून तर बघ."

तिनं घातलं. मॉरीननं गाजर नाकारलं. मग रताळं नाकारलं, कुत्र्याचं नाव नाकारलं, लग्नाची तारीखही नाकारली. लग्नाच्या तारखेचं नरेलला जरा लागलं.

मर्व्ह तोवर मॉरीनचं झाकण उघडून आत डोकावत होता. धुळीतून त्यानं खिशातल्या चिमट्यानं काहीतरी उचललं आणि उजेडात धरलं.

"मनुका," तो कुजबुजला.

"कीथ काम करताना बन खायचा."

"परराज्यातली मनुका, नरेल! जैविक हल्ला. कीटकानं आत अंडी घातली, अळीनं वायर खाल्ली, अळीची माशी झाली..." त्यानं सुरीनं मनुका चिरली. आत मनुकाच होती. "आणि पुरावा नष्ट करून ती उडून गेली," त्यानं वाक्य पुरं केलं.

नरेलनं घड्याळाकडे बघितलं. बारा फार लांब नव्हते. तिनं मॉरीन बंद करून पुन्हा चालू केली, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. ओळी धावल्या. तीच ओळ अडली.

"ही ओळ काय म्हणते?" मर्व्हनं पहिल्यांदाच पडद्याकडे नीट बघितलं.

नरेलनं कालपासून ती इतक्यांदा वाचली होती की आता ती डोळे मिटूनही दिसायची. "'केटलची वाट पाहत आहे.' कीथची काहीतरी थट्टा असणार. तो कशालाही कसलंही नाव द्यायचा."

मर्व्ह एकदम गप्प झाला. तो गप्प झाला की गावातली माणसं आपापली फळं तपासून घेत. "केटल," तो सावकाश म्हणाला. "गावात केटल किती आहेत?"

"आडनावाचे की चहाच्या?"

"नरेल, चहाचा इथं काय संबंध?" तो कळवळून म्हणाला, आणि टोपी घालून बाहेर पडला.

तो परतला तेव्हा त्याच्याबरोबर गावचा खाटीक होता. बॅरी केटल निळ्या पट्ट्यांच्या एप्रनमध्येच आला होता आणि खांद्यावरून अर्धवट भरलेली सॉसेजची माळ लोंबत होती.

"मर्व्ह म्हणतो कॉम्प्युटरला मी हवाय," बॅरी ओशाळून म्हणाला. "दुकानात गिऱ्हाईक खोळंबलंय गं. पण म्हटलं कीथचा कॉम्प्युटर आहे, तर नाही कसं म्हणायचं?"

नरेलला हसावं की रडावं ते कळेना. मॉरीन पुन्हा चालू केली गेली. ती ओळ आली.

"सांग तिला," मर्व्ह म्हणाला.

बॅरीनं घसा साफ केला. "मी आलोय."

सेकंद पळत राहिले.

"मोठ्यानं. पूर्ण नाव."

"बॅरिंग्टन लेस्ली केटल, आलोय मी!"

"फळ, भाजी, रोप, मध, काही जवळ आहे?"

"सॉसेजमध्ये थोडा कांदा आहे."

"कांदा!" मर्व्हनं नरेलकडे अर्थपूर्ण नजरेनं बघितलं. तेवढ्यात सेकंद संपले आणि पुन्हा आणीबाणी लागली. बॅरीनं पंज्यानं पेंग्विनला थोपटलं. "सॉरी गं, म्हातारे," तो मॉरीनला म्हणाला. ते बघून नरेलला इतका वेळ आवरलेलं रडू आलं आणि ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

दोघांची चांगलीच पंचाईत झाली. मर्व्हनं खिशातून रुमाल काढला, त्यात मनुकेचे दोन तुकडे होते म्हणून परत ठेवला. "नरेल," तो म्हणाला, आणि या वेळी 'आम्ही' नव्हता, "मला पण ऐकू येतो तो रोज. दाढी करताना. मला वाटलं, मी काहीतरी शोधीन."

"माहितेय रे," ती नाक पुसत म्हणाली.

बारा वाजता दारात दोन माणसं एकदमच आली. एक होता वॉर्विक, काखेत खोकं आणि हातात स्क्रू-ड्रायव्हर. दुसरी होती चौऱ्याऐंशी वर्षांची डॉट हॅलोरन. तिचा शनिवारचा जुन्या गाण्यांचा कार्यक्रम बाराला असे, आणि मॉरीन बंद आहे हे तिला कुणी कळवलं नव्हतं, कारण ती फोन उचलत नसे. तिच्या हातात खोबऱ्याच्या केकचा डबा होता.

"एवढी गर्दी का रे? कोण गेलं?" डॉटनं विचारलं.

"मॉरीन," वॉर्विक म्हणाला, आणि टोपी काढली. तो खरोखर वाईट माणूस नव्हता. "नरेल, मी काढायला सुरुवात करू?"

"एकदा," नरेल म्हणाली. "शेवटचं एकदा लावते. मग काढ."

तिनं बटण दाबलं. पंखा गुरगुरला. पांढऱ्या ओळी धावल्या आणि थांबल्या.

डॉटनं गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पडद्याजवळ वाकली. "केट... केटलची वाट पाहत आहे." ती सरळ झाली. "बरोबर आहे. मीही पाहतेय. चार माणसं जमलीत, माझ्या हातात केक आहे, आणि एकालाही चहा ठेवायचं सुचू नये? तुमच्या आयांनी तुम्हाला काही शिकवलं की नाही?"

"डॉट, तुम्ही जरा बसा," मर्व्ह म्हणाला. "इथं तपास चाललाय."

"तू बस. तुझा चेहरा पडलाय बघ. चहा घे."

ती तरातरा चहाच्या खिडकीकडे गेली. तिथल्या फळीवर केटल होती, शेजारी बिस्किटांचा डबा, आणि डब्यामागे पाव किलो लोण्याएवढी एक काळी डबी. ती डबी केटलचंच काहीतरी असेल, असं गावातला प्रत्येक जण इतकी वर्षं धरून चालला होता. भिंतीवर दोन प्लगची जोडी आणि दोन बटणं होती, आणि त्यांच्यावर खिळ्याला टांगलेलं कपबश्या पुसायचं फडकं लोंबत होतं. डॉटनं फडक्याखाली हात घातला.

"यातलं केटलचं कुठलं ते मला मेलीला कधी कळलं नाही," ती म्हणाली. "मी आपली दोन्ही खाली दाबते."

खट्. खट्.

केटल सुंसुं करायला लागली. आणि बिस्किटांच्या डब्यामागे त्या काळ्या डबीत एक बारीक हिरवा दिवा लागला, आत काहीतरी किर्र करून फिरायला लागलं.

"अरे," बॅरी म्हणाला. "अरे, अरे, अरे!"

पडद्यावरची ती ओळ हलली. तिच्या टोकाला हिरवी खूण आली. तिच्याखाली आणखी ओळी आल्या, मग आणखी, धबाधबा, जणू दोन दिवस दाराशी ताटकळलेली माणसं आत घुसतायत. नरेल खुर्चीची पाठ धरून उभी होती. त्या डबीपासून निघालेली वायर तिला आत्ता पहिल्यांदा दिसली. फळीखालून, भिंतीतल्या भोकातून ती थेट मॉरीनच्या पाठीत शिरत होती. इकडे प्लगच्या सगळ्या जागा हीटर आणि दिव्यांनी अडवल्या होत्या, तेव्हा कीथनं आवाजांची डिस्क तिकडे केटलशेजारी ठेवली आणि तिचं नाव केटल ठेवलं. त्यात थट्टा अशी नव्हतीच. मॉरीन दोन दिवस जे हवं तेच, स्वच्छ अक्षरांत मागत होती.

"पण ते बटण बंद केलं कुणी?" वॉर्विकनं विचारलं.

खोलीतल्या सगळ्यांनी आधी जमिनीकडे बघितलं. चिखलाचे ठसे दारातून आले होते, प्रत्येक प्लगपाशी थांबले होते आणि चहाच्या खिडकीशी जाऊन फिरले होते. मग सगळ्यांनी मर्व्हच्या बुटांकडे बघितलं. डाव्या टाचेची झीज बाहेरच्या अंगाला होती.

मर्व्हनं एक पाऊल दुसऱ्यामागे लपवलं.

"वीज गेली की सगळं भिंतीवरून बंद करायला हवं," तो हळू आवाजात म्हणाला. "आई तसंच करायची. परत आली की झटका बसतो म्हणून. मी गुरुवारी येऊन सगळी बटणं बंद केली. शुक्रवारी पहाटे येऊन सगळी लावली." त्यानं चहाच्या खिडकीकडे बघितलं. "फडक्याखालची सोडून."

"उंच," नरेल म्हणाली. "चालण्यात अधिकार. घरंदाज."

"आम्ही वर्णन तंतोतंत दिलं होतं," मर्व्ह म्हणाला. "ते नोंदवून ठेव. गुन्हेगार पळून जाऊ शकला नाही, हेही नोंदव. आम्ही पूर्ण वेळ त्याच्यावर नजर ठेवून होतो."

बॅरी इतका हसला की सॉसेजची माळ खांद्यावरून घसरून खाली पडली. नरेल हसली नाही. तिचे कान दुसरीकडे लागले होते. पडदा एकदम निळा झाला होता, आणि मॉरीन जागी झाली की पहिली गोष्ट जी करत असे ती करायला निघाली होती. तिला घड्याळाशी देणंघेणं नव्हतं. तिच्या दृष्टीनं आत्ताच उजाडलं होतं.

भिंतीवरच्या कर्ण्यातून थोडी खरखर आली.

"सुप्रभात, गुरंबा," कीथ म्हणाला. "केटल लावा, मी आलोच."

डॉटच्या हातात केकचा डबा तसाच अर्धा उघडा राहिला.

"लावली रे," नरेल सगळ्यांसमोर, नेहमीच्या आवाजात म्हणाली. "ये."

तिला वाटलं होतं कुणी ऐकलं तर आपल्याला लाज वाटेल. तशी काही वाटली नाही. बरं वाटलं, फार बरं वाटलं, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा तिला सपाटून चहाची तल्लफ आली. वॉर्विकनं खोकं पायानं हळूच दाराबाहेर सरकवलं आणि टोपी परत घातली.

खिडकीत केटल उकळली आणि खट् करून आपोआप थांबली. तिच्याजवळ मर्व्ह उभा होता. केटल उकळली की भिंतीवरचं बटण बंद करायचं, हे त्याच्या हातात इतकं मुरलेलं होतं की डोक्याला कळायच्या आत हात फडक्याखाली गेला.

"मर्व्ह!" चौघंही एकदम ओरडले.

हात हवेत थबकला. मर्व्हनं तो सावकाश मागे घेतला, पांढऱ्या हातमोज्यासकट खिशात घातला, आणि डॉटनं पुढं केलेला केक दुसऱ्या हातानं घेतला.

"यात फळ नाही ना?" त्यानं विचारलं.